कल्चर कोरं, डीएनए पॉझिटिव्ह: पाठीच्या पाण्यातला जंतू ओळखतात कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांच्या पुतण्याला ताप आला, उलट्या झाल्या, एक झटका आला. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथं मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचा, संशय आला म्हणून पाठीतून पाणी काढलं. डीएनएच्या चाचणीत त्याच दिवशी 'स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए: डिटेक्टेड' आलं, बाकी तेरा नावांपुढे 'नॉट डिटेक्टेड'. तीन दिवसांनी कल्चर आलं: 'नो ग्रोथ'. पेशी १,८००, त्यात ९० टक्के न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), साखर १८, प्रोटीन २१०. यातला खरा रिपोर्ट कोणता, इतकी महागडी चाचणी लागतच होती का, आणि घरातल्या बाकीच्या मुलांचं काय?

मी गेली २२ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. पेशंट मला क्वचित दिसतो, मला दिसतो तो त्याच्या नावाचा बल्ब, म्हणजे नमुन्याची छोटी बाटली. औषधांचे निर्णय बाळाला तपासणारे डॉक्टरच घेतील. रिपोर्ट कसा वाचायचा, एवढं मी सांगतो.

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. कल्चर विचारतं, या पाण्यात वाढू शकेल असा जिवंत जंतू आहे का? डीएनए चाचणी विचारते, अमुक जंतूची खूण या पाण्यात आहे का? दोन दिवसांच्या इंजेक्शनांनंतर पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' असं उत्तर येणं यात मला काहीच नवल वाटत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक पाण्यांची हीच कथा असते.

कल्चर म्हणजे जंतूला पाहुणचार. पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ घ्यायचा, तो ब्लड अगार आणि चॉकलेट अगार या जंतूंच्या खाद्याच्या जेलीवर पसरायचा. (चॉकलेट नावापुरतंच. रक्त तापवल्यावर त्याला जो तपकिरी रंग येतो त्यावरून हे नाव पडलं.) ३५ ते ३७ अंशांवर, थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड देऊन प्लेटा ठेवायच्या. छोट्या लॅबमध्ये अजूनही बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावतात. ती विझली की आत हवा तितका वायू झालेला असतो. आणि मग ७२ तास वाट पाहायची. एवढं सगळं करूनही जंतू आधीच मेलेला असेल तर प्लेट कोरी राहते. इंजेक्शन दिल्यावर काही तासांनी पुन्हा पाणी काढून मुलांमध्ये हे तपासलेलं आहे: मेनिंगोकोकस हा मेनिंजायटिसचा एक जंतू दोन तासांच्या आत नाहीसा झाला, न्यूमोकोकस (म्हणजेच तुमच्या रिपोर्टातला स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए) चार तासांनंतर जायला लागला. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत दोन दिवस गेले होते.

म्हणून गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. 'त्यांनी इंजेक्शन दिलं म्हणून रिपोर्ट बिघडला' असं नातेवाईक रागाने बोलतात, कधी कधी मोठ्या हॉस्पिटलचे रेसिडेंटही बोलतात. मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या मुलाला पहिला डोस लवकर मिळणं हे माझ्या प्लेटवर चार ठिपके उगवण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. लॅबची सोय नंतर बघता येते. डीएनएची चाचणी आम्हाला नेमकी त्यासाठीच हवी असते, कारण जंतू मेला तरी त्याचा डीएनए पाण्यात काही दिवस टिकून राहतो.

न्यूमोकोकसची यात एक खासियत आहे, आणि ती मला दर वेळी गंमतीची वाटते. हा जंतू वय झालं की स्वतःलाच विरघळवून घेतो. त्याच्याकडे ऑटोलायसिन नावाचं एक एन्झाइम असतं, ते त्याची स्वतःचीच भिंत कापतं. त्यामुळे प्लेट एखादा दिवस जास्त राहिली की फुगीर ठिपके मधोमध बसतात, कॅरमच्या सोंगटीसारखे दिसतात, आणि पुढे उचलून वाढवायला गेलं तर हाती काही लागत नाही. ज्या जनुकातून हे एन्झाइम तयार होतं त्याचं नाव लिट-ए. डीएनए चाचणीत आम्ही शोधतो ते हेच. म्हणजे ज्या गुणामुळे तो कल्चरमधून निसटतो, त्याच गुणाच्या जनुकावरून तो पकडला जातो.

आता बल्बकडे येऊ. पाठीतून पाणी काढतात तेव्हा साधारण तीन बल्ब भरतात: एक साखर-प्रोटीनला, एक आमच्याकडे, एक पेशी मोजायला. माझ्या नोकरीतले निम्मे वाद या बल्बांच्या प्रवासावरून झालेत. रात्री अडीचला काढलेलं पाणी सकाळी नऊला वॉर्डातले मामा आणून देतात. बल्ब हातात घेतला तर थंडगार, बाहेरून घाम आलेला. कुणीतरी काळजीपोटी फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. लघवीचा नमुना फ्रिजमध्ये ठेवतात, मग हाही ठेवला, असा हिशेब. पण मेनिंगोकोकस आणि मेनिंजायटिसचा आणखी एक जंतू हिमोफिलस हे दोघं थंडीने मरतात. कल्चरसाठीचं पाणी खोलीच्या तापमानालाच राहायला हवं आणि तासाभरात लॅबला पोहोचायला हवं. डीएनएचं उलट असतं. त्या चाचणीचं पाणी लगेच करायचं नसेल तर उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. एकाच पेशंटच्या दोन बल्बांना दोन नियम, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ते कुणी सांगितलेले नसतात. मी शेवटी प्रत्येक वॉर्डच्या फ्रिजवर जाड अक्षरांत चिकटवलं: 'पाठीचं पाणी इथे नको.' त्यानंतर थंडगार बल्ब कमी झाले, बंद मात्र झाले नाहीत.

पाणी लॅबमध्ये आलं की मशीनच्या आधीचं काम सुरू होतं, आणि खरी मेहनत तिथंच आहे. डीएनए जंतूच्या आत असतो, तो बाहेर काढावा लागतो. मेनिंगोकोकसची भिंत पातळ, नुसत्या उकळीनेही फुटते. न्यूमोकोकसची जाड. तिच्यासाठी आम्ही लायसोझाइम वापरतो. हे एन्झाइम अंड्याच्या पांढऱ्यात असतं आणि आपल्या अश्रूंतही असतं. न्यूमोकोकस त्याला फारशी दाद देत नाही, म्हणून सोबत म्युटॅनोलायसिन नावाचं दुसरं एन्झाइम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतो. मग प्रोटीन पचवून टाकणारं तिसरं. शेवटी हे सगळं सिलिकाच्या बारीक जाळीतून जातं. डीएनए जाळीला चिकटतो, बाकीचं धुऊन निघतं, आणि थोड्याशा द्रावणात आम्ही डीएनए सोडवून घेतो. घाईत कुणी न्यूमोकोकसची पायरी गाळली तर पाण्यात जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह जाऊ शकतो, आणि कागदावर त्या चुकीचा मागमूसही राहत नाही.

पुढचा भाग कोरोनाने घरोघरी पोहोचवला. पीसीआर म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करणं. ९५ अंशांवर डीएनएच्या दोन दोऱ्या सुट्या होतात, ६० अंशांच्या आसपास प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी बसतात आणि त्यांच्यापासून नवी दोरी विणली जाते. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एकाचे शंभर कोटींच्या वर. ही विणकाम करणारी टॅक पॉलिमरेज अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या जंतूची, म्हणून ती ९५ अंशांतही टिकते. कॅरी मलिस यांना या कल्पनेबद्दल १९९३ चं नोबेल मिळालं. आमच्या रिअल-टाइम पद्धतीत प्रोब नावाचा आणखी एक तुकडा असतो. त्याची जागा सापडली तरच तो चमकतो, आणि मशीन ती चमक मोजतं. कितव्या फेरीला चमक उंबरठा ओलांडते तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा जितका लहान, तितका मुळात जंतू जास्त. साधारण ३.३ फेऱ्या म्हणजे दहापट फरक.

मेनिंजायटिससाठी जी पद्धत जगभर वापरात आहे तिच्यात ३५ किंवा त्याच्या आत आलं तर पॉझिटिव्ह, ४० च्या पुढे निगेटिव्ह. मधला ३६ ते ४० चा पट्टा धुक्याचा. तिथं आम्ही नमुना पातळ करून परत लावतो. पातळ केल्यावर उत्तर स्पष्ट होतं हे ऐकायला उलटं वाटेल, पण नमुन्यात रक्त मिसळलेलं असेल तर त्यातलं हीम हे लाल द्रव्य विणकाम अडवतं. पातळ केलं की अडथळाही पातळ होतो. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या बल्बमध्ये पाणी पाठवलं तरी हाच त्रास.

'निगेटिव्ह आलं म्हणजे नाहीच ना?' असं फोनवर विचारतात, तेव्हा मी एक हिशेब सांगतो. समजा पाण्याच्या एका मिलीलीटरमध्ये शंभरच जंतू आहेत. मी त्यातलं २०० मायक्रोलीटर घेतलं, म्हणजे चारेक थेंब. त्यात वीस जंतू आले. त्यांचा डीएनए मी १०० मायक्रोलीटर द्रावणात सोडवला आणि त्यातले फक्त २ मायक्रोलीटर चाचणीच्या नळीत टाकले. नळीत आला ०.४ जंतू! म्हणजे बऱ्याचदा काहीच आलं नाही. सुदैवाने पू करणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये जंतू सहसा हजारो-लाखोंनी असतात, म्हणून चाचणी चालते. पण 'थोडंसंच पाणी मिळालं, त्यातच सगळं करा' असं म्हणून चार थेंब पाठवणाऱ्यांना हा हिशेब ऐकवावा लागतो.

आता आमच्या बाजूची चूक. दर वेळी मशीनमध्ये पेशंटच्या नळ्यांबरोबर दोन-तीन साक्षीदार बसवतो. एका नळीत नक्की पॉझिटिव्ह असलेला डीएनए, एका नळीत नुसतं शुद्ध पाणी. शिवाय प्रत्येक पेशंटच्या नमुन्यात माणसाचं एक जनुक, आरनेज-पी, तेही तपासतो. माणसाच्या पेशी पाण्यात असणारच, तेव्हा ते जनुक सापडलं नाही तर डीएनए काढण्यातच गडबड झाली असं धरायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्री शुद्ध पाण्याची नळी ३४ व्या फेरीला चमकली. पाण्यात न्यूमोकोकस! सगळी रन फेकली, परत लावली, परत तेच. कारण मीच होतो. दोन दिवस आधी मी एका चाचणीची संपलेली नळी उघडून तिच्यातला माल जेलवर चालवून पाहिला होता, आणि तोही ज्या टेबलावर नवं मिश्रण बनवतात त्याच टेबलावर. अशा एका नळीत लिट-एच्या कोट्यवधी प्रती असतात. झाकण उघडताना डोळ्याला न दिसणारा फवारा उडतो, आणि त्यातला एक कण पुरतो. रसायनं सगळी टाकली, टेबलं ब्लीचने पुसली, खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिवे लावले. तरी आठवडाभराने परत चमक. शेवटी सापडलं ते एका पिपेटच्या दांड्याच्या आत. तीन आठवडे आम्ही नमुने दुसरीकडे पाठवत होतो.

तेव्हापासून मिश्रण एका खोलीत, डीएनए दुसऱ्या खोलीत, मशीन तिसऱ्या खोलीत. तिसऱ्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी पहिल्या खोलीत परत जात नाही, मग चहाचा कप तिथे राहिलेला असला तरी. वाढवलेली नळी आता उघडतच नाही, तशीच पिशवीत बांधून बाहेर.

कोणतं जनुक शोधायचं हाही वादाचा विषय आहे. मेनिंगोकोकससाठी आधी सीटीआर-ए शोधायचे. हे जनुक त्याचं कवच बाहेर नेण्याच्या कामाचं. पण घशात निमूट राहणाऱ्या काही मेनिंगोकोकसांकडे ते नसतंच, मग ते सुटायचे. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सॉड-सी वापरतात. हे सॉड-सी मेनिंगोकोकसने फार पूर्वी हिमोफिलसकडून उसनं घेतलेलं दिसतं, त्यामुळे प्रोब हिमोफिलसला चुकून चिकटत नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. हिमोफिलससाठी एचपीडी. न्यूमोकोकससाठी पूर्वी न्यूमोलायसिनचं जनुक लोकप्रिय होतं, पण तोंडात राहणाऱ्या निरुपद्रवी चुलत भावंडांकडेही त्याच्याशी मिळतंजुळतं जनुक निघालं आणि खोटे पॉझिटिव्ह यायला लागले. लिट-ए त्यामानाने खात्रीचं ठरलं.

हे सांगण्याचं कारण, तुमच्या रिपोर्टवर मी विश्वास का ठेवतो ते कळावं. तुमच्या पुतण्याची चाचणी त्या चौदा नावांच्या तयार पॅनेलवर झालेली दिसते: सहा जिवाणू, सात विषाणू, एक बुरशी. बंद पाऊचमध्ये पाणी टाकायचं, तासाभरात उत्तर. सोयीची गोष्ट आहे. पण या पॅनेलच्या मोठ्या पडताळणीत खोटा पॉझिटिव्ह म्हणून सगळ्यांत जास्त वेळा निघाला तो न्यूमोकोकसच. कारण तो आपल्या नाकाघशात राहतो. पाऊच भरताना तंत्रज्ञ मास्क न लावता बोलला तरी पुरे. म्हणून एकटं 'डिटेक्टेड' बघून मी कधी सही करत नाही, शेजारचे आकडे बघतो. साखर १८, म्हणजे पाण्यातली साखर खलास होत आलेली. प्रोटीन २१०. १,८०० पेशी, बहुतेक न्यूट्रोफिल. हे सगळे एकाच दिशेला, जिवाणूंच्या मेनिंजायटिसकडे, बोट दाखवतात. पेशी पाच, साखर ६५ आणि तरी न्यूमोकोकस डिटेक्टेड, असं असतं तर मी रिपोर्ट अडवून परत लावायला सांगितलं असतं.

आता त्या तेरा 'नॉट डिटेक्टेड' नावांबद्दल. हा शाळेतला हजेरीपट समजा. ज्यांची नावं पटावर आहेत तेवढ्यांचीच हजेरी लागते. खिडकीतून आत आलेला मुलगा वर्गात बसलेला असला तरी त्याचं नाव कुणी पुकारत नाही. आपल्याकडे या पटावर नसलेलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे टीबी. एक विशीतली मुलगी, तीन आठवडे डोकं दुखत होतं, बारीक ताप, मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं. पॅनेलवर चौदाही नावं 'नॉट डिटेक्टेड'. घरच्यांनी 'इन्फेक्शन नाही' असा अर्थ घेतला आणि डिस्चार्ज मागितला. पाण्यात पेशी होत्या पण लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार), साखर कमी, प्रोटीन बरंच जास्त, आणि बल्ब उभा ठेवल्यावर वर कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरलेला. टीबीच्या मेनिंजायटिसची ही जुनी खूण. सीबीनॅट, म्हणजे जीनएक्सपर्ट मशीनवरची टीबीची डीएनए चाचणी, लावलं, पॉझिटिव्ह आलं.

टीबीसाठी वेगळा नियम लक्षात ठेवा. जंतू फार थोडे असतात, म्हणून पाणी भरपूर हवं, पाच-सहा मिलीलीटर मिळालं तर उत्तम, आणि ते फिरवून गाळ तपासायचा. जीनएक्सपर्टची नवी अल्ट्रा काडतुसं टीबीच्या डीएनएत अनेकदा आढळणारे तुकडे शोधतात, त्यामुळे कमी जंतूही हाती लागतात. रिपोर्टवर कधी 'ट्रेस' असा शब्द येतो. पाठीच्या पाण्यात तो हलका समजायचा नाही. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं मात्र या चाचणीवरही म्हणता येत नाही. चांगले डॉक्टर लक्षणं पाहून औषध सुरू ठेवतात.

दुसरी मोठी उणीव म्हणजे नवजात बाळं आणि मेंदूच्या ऑपरेशननंतरचे पेशंट. परदेशात नवजात बाळांना ग्रुप बी स्ट्रेप आणि ई. कोलाय त्रास देतात, म्हणून पॅनेलवर ते आहेत, आणि ई. कोलायचाही फक्त के-१ प्रकार. आपल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर जास्त. त्यांची नावं पटावरच नाहीत. तिथं कल्चरला पर्याय नाही, आणि पॅनेल कोरं आलं म्हणून कुणी अँटिबायोटिक बंद केलं तर घात होईल.

चाचणी लागतच होती का? माझं मत सांगतो, सगळे माझ्याशी सहमत होतील असं नाही. पहिल्या तासात सगळ्यांत मोलाची चाचणी अजूनही ग्रॅमची स्लाइड, म्हणजे पाण्याचा थेंब काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. काही रुपयांची. ही रंगाची पद्धत हान्स ख्रिश्चन ग्रॅमने १८८४ मध्ये प्रसिद्ध केली ती न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली जांभळे, भाल्याच्या पात्यासारखे जोडीजोडीने दिसले की न्यूमोकोकस. गुलाबी, राजम्याच्या दाण्यासारखे आणि पांढऱ्या पेशींच्या पोटात बसलेले दिसले की मेनिंगोकोकस. पण स्लाइडवर खात्रीने दिसायला मिलीलीटरमागे लाखभर जंतू लागतात, आणि इंजेक्शनं झालेली असली की ते कमी होतात, रंगही नीट घेत नाहीत. तुमच्या पुतण्यासारख्या केसमध्ये, दोन दिवस औषध झालेलं असताना, डीएनएची चाचणी पैसे वसूल करते. मात्र चौदा नावांचं पॅनेल प्रत्येक तापाला लावणं मला पटत नाही. तीन जनुकांची, म्हणजे मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस, हिमोफिलस यांची साधी पीसीआर एका नळीत होते आणि खर्च कितीतरी कमी येतो. ती मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे, ही खरी अडचण.

नाव कळल्याने तुमच्या घरात लगेच एक फरक पडला, तुमच्या लक्षात आलं असो वा नसो. मेनिंगोकोकस निघाला असता तर घरातल्या सगळ्यांना, एका खोलीत झोपणाऱ्या भावंडांना तर नक्कीच, प्रतिबंधक औषध लागलं असतं: रिफाम्पिसिन दोन दिवस, मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनचा एक डोस किंवा सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन. न्यूमोकोकसला यातलं काही लागत नाही. बाकीच्या मुलांना उगाच गोळ्या देऊ नका, शाळेतून काढू नका. त्यांची लसीकरणाची कार्डं मात्र काढून बघा. न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, आता सरकारी कार्यक्रमात आहे, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी. देशभर ती २०२१ मध्ये पोहोचली. पुतण्याने ती घेतलेली असेल तरी 'मग झालं कसं?' म्हणून लसीवर चिडू नका. न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार आहेत आणि लसीत त्यातले दहा-तेरा.

प्रकार ओळखण्याचं हे काम किती दूर जातं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचं एक टोक पुण्यात आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेत २६ देशांचा मेनिंजायटिसचा पट्टा आहे. कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथं मेनिंगोकोकसच्या साथी येतात. खेड्यातून काढलेलं पाणी राजधानीत पोहोचायला कित्येक दिवस, वर चाळीस अंशांचं ऊन. कल्चर कुठून वाढणार? मेनिंगोकोकसचे ए, सी, डब्ल्यू असे गट असतात. तिथं पीसीआरने साथीचा गट कळतो, आणि गट कळल्याशिवाय कोणती लस न्यायची हे ठरत नाही. ए गटासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झाली आणि पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना मिळाली. ए गट जवळजवळ संपला. पण पाण्याच्या नळ्या तपासणं थांबलं नाही, आणि त्यात सी, डब्ल्यू, एक्स दिसायला लागले. २०१५ मध्ये नायजरमध्ये सी गटाची मोठी साथ आली. एक्सवर तर लसच नव्हती. ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशा पाचही गटांवरची मेनफाइव्ह लसही सीरमचीच. जागतिक आरोग्य संघटनेने तिला जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती पहिल्यांदा वापरली.

परत तुमच्या रिपोर्टकडे. त्यात एक गोष्ट नाही: या न्यूमोकोकसवर कोणतं औषध चालतं. ते सांगायला जंतू प्लेटवर वाढावा लागतो, आणि तो वाढला नाही. म्हणून डॉक्टरांनी सेफ्ट्रियाक्सोनबरोबर व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिकही चालू ठेवलं असेल तर त्याचं कारण हे. ते अंदाजाने जास्तीची खबरदारी घेत आहेत आणि बरोबर करत आहेत. पहिल्या दिवशी रक्ताचं कल्चर लावलं होतं का ते विचारा. कधी कधी तिथं जंतू सापडतो. मुदतही नावावरून ठरते. न्यूमोकोकसला साधारण दहा ते चौदा दिवस इंजेक्शनं लागतात, मेनिंगोकोकसला पाच ते सात पुरतात. चौथ्या दिवशी मुलगा खेळायला लागला म्हणून घरी न्यायची घाई करू नका.

आणि कान. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसनंतर ऐकू कमी येण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त असतं, आणि चार वर्षांचं मूल 'मला ऐकू येत नाही' असं सांगत नाही. ते हट्टी झाल्यासारखं वागतं, टीव्हीचा आवाज वाढवतं. डिस्चार्जच्या आधी नाहीतर महिन्याभराच्या आत बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्या, पोरगा हाकेला वळत असला तरी. एका कानाने ऐकणारं मूलही हाकेला वळतं. दोष निघालाच तर थांबून चालत नाही, कारण या आजारात आतल्या कानाच्या पोकळीत हाड भरत जातं आणि मग कॉक्लियर इम्प्लांटची (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राची) तार आत सरकवणं अवघड होतं. डिस्चार्ज कार्डावर हा सल्ला पुष्कळदा लिहायचा राहतो. तुमच्या कार्डावर आहे का बघा, नसेल तर जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.